चिंध्यांची फुलबाग

महाराष्ट्रात गोधडी ठाऊक नाही असे घर विरळाच. वापरून वापरून मऊ झालेले लुगडे, विटलेले धोतर, मुलांच्या अंगाला न येणारा परकर किंवा सदरा, यांपैकी काहीही टाकून द्यावयाचे नाही, अशी जुन्या गृहिणींची रीत होती. असे कपडे स्वच्छ धुऊन त्या गाठोड्यात बांधून ठेवीत. उन्हाळ्यात शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळाली, म्हणजे ते गाठोडे ओसरीवर सोडले जाई. खाली एक सबंध लुगडे अंथरावयाचे, त्यावर जुन्या कापडांचे थर द्यावयाचे, वर रंगीबेरंगी तुकडे मांडावयाचे आणि मग चौघीजणींनी चारी बाजूंना बसून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. सुई चाले तशा गोष्टीही चालत. एखादी शेजारीण आपल्या घरचा खणाचा तुकडा घेऊन येई आणि त्याच्या बदल्यात इरकली काठाची पट्टी घेऊन जाई.

अशी गोधडी केवळ थंडी निवारण्याचे साधन नसे. थंडीच्या रात्री तिच्यात शिरलेल्या नातवाला आजी एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगे, "हा तुझ्या आत्याचा परकर. हे तुझ्या आजोबांचे धोतर. आणि हा खण शेजारच्या काकूंनी दिलेला." ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशा कित्येक स्त्रियांनी आपल्या घराचा इतिहास सुईने लिहून ठेवला, तो असा.

तुकडे जोडून पांघरूण शिवण्याची ही कला जगात अनेक ठिकाणी आढळते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक सुरेख प्रघात पडला होता. त्या काळी पुष्कळ कुटुंबे आपले गाव सोडून पश्चिमेकडील दूरच्या प्रदेशात वस्ती करण्यासाठी जात. एकदा गेलेली मैत्रीण पुन्हा भेटेल याची खात्री नसे. म्हणून तिच्या मैत्रिणी व नातलग स्त्रिया आपापल्या घरून एकेक तुकडा आणीत, त्यावर शाईने किंवा दोऱ्याने आपले नाव लिहीत आणि ते तुकडे एकत्र जोडून तिला भेट देत. अशा पांघरुणाला 'मैत्रीची गोधडी' म्हणत. परक्या मुलुखात ती गोधडी अंगावर घेतली, म्हणजे सगळ्या मैत्रिणी जणू भोवती जमत.

मैत्रीची अशीच एक गोधडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिंगापूरच्या एका तुरुंगात शिवली गेली. ती शिवणाऱ्या मुली सर्वसाधारणपणे आठ ते सोळा वर्षे वयाच्या होत्या. त्यांच्याजवळ नवे कापड नव्हते, पुरेसा दोरा नव्हता, सुयाही मोजक्याच होत्या. तरीही त्यांनी गोधडी शिवली. का आणि कशी, याची ही हकिकत आहे.

सिंगापूर हे आशिया खंडाच्या आग्नेय टोकाशी असलेले एक बेट आहे. त्या काळी ते इंग्रजांच्या ताब्यात होते. तेथे इंग्रजांचे मोठे आरमारी ठाणे होते आणि ते शत्रूला कधीही जिंकता येणार नाही, असा अनेकांचा समज होता. हा समज खोटा ठरला. मलाया द्वीपकल्पातून जपानी सैन्य वेगाने खाली उतरले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले. हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. जे सैनिक नव्हते, अशा युरोपीय लोकांनाही जपानी अधिकाऱ्यांनी कैदेत टाकले. त्यांत व्यापारी होते, शिक्षक होते, डॉक्टर होते. तशाच त्यांच्या बायका आणि मुलेही होती.

८ मार्च १९४२ रोजी स्त्रिया आणि मुले यांना चांगीच्या तुरुंगाकडे नेण्यात आले. कडक ऊन होते. अंगावर घेता येईल तेवढे सामान घेऊन त्यांतील बहुतेकजणी कित्येक मैल पायी चालत गेल्या. चांगीचा तुरुंग १९३६ साली बांधलेला होता आणि तो सुमारे सहाशे कैद्यांसाठी होता. आता त्यात त्याहून कितीतरी अधिक माणसे कोंडली गेली. उंच भिंती, लोखंडी दारे, सिमेंटच्या उघड्या लाद्या आणि एका माणसासाठी बांधलेल्या कोठडीत दाटीने राहणारी दोन-दोन, तीन-तीन माणसे, असे ते ठिकाण होते. पुरुषांचा भाग निराळा आणि स्त्रियांचा भाग निराळा. मध्ये भिंत. त्या भिंतीपलीकडे आपले वडील आहेत, हे मुलांना ठाऊक होते; परंतु त्यांना मोकळेपणाने भेटता येत नव्हते. ज्यांचे वडील सैन्यात होते, त्या मुलांना तर ते जिवंत आहेत की नाहीत, हेही कळत नव्हते.

कैदेतील दिवस फार लांब असतो. पोटभर अन्न नसले, म्हणजे तो अधिकच लांब होतो. मुलांनी दिवसभर काय करावे, हा मोठाच प्रश्न होता. तुरुंगातील काही स्त्रियांनी मुलांसाठी वर्ग सुरू केले. कागद थोडा, पुस्तके थोडी. तरीही धडे सुरू झाले. याच काळात एलिझाबेथ एनिस नावाच्या एका तरुण परिचारिकेने मुलींसाठी गर्ल गाइडचे पथक उभारले.

गर्ल गाइड म्हणजे वीरबाला. मुलांसाठी जशी बालवीर चळवळ, तशी मुलींसाठी वीरबालांची चळवळ १९१० साली इंग्लंडात सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. दुसऱ्याला मदत करावी, संकटात धीर सोडू नये, हाताने करता येण्याजोगी कामे स्वतः शिकावीत, असे शिक्षण त्यात मिळते. तुरुंगात गणवेश कोठून येणार? झेंडा कोठून मिळणार? तंबू, शेकोटी आणि रानातील सहल यांची तर गोष्टच नको. तरीही आठवड्यातून एकदा सुमारे वीस मुली तुरुंगाच्या अंगणातील एका कोपऱ्यात जमू लागल्या.

एलिझाबेथ एनिस यांचे स्वतःचे दुःख लहान नव्हते. सिंगापूर पडण्याच्या अवघ्या काही दिवस आधी त्यांचे लग्न झाले होते. त्यांचे पती सैन्यातील डॉक्टर होते आणि आता ते युद्धकैदी झाले होते. परंतु मुलींसमोर येताना त्या आपले दुःख मागे ठेवून येत. आपल्यासाठी कोणीतरी इतके करीत आहे, हे मुलींच्या मनात ठसले होते. बाईंच्या वाढदिवसाला आपण त्यांना काहीतरी द्यावे, असे त्यांनी ठरविले.

पण द्यावे काय? तुरुंगात दुकान नव्हते आणि असते तरी मुलींजवळ पैसे नव्हते. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्याजवळही दोन गोष्टी असतात: त्याचे हात आणि त्याचा वेळ. मुलींजवळ या दोन्ही गोष्टी होत्या. त्यांनी बाईंसाठी गोधडी शिवावयाची असे ठरविले, आणि हे काम त्यांना कळू न देता करावयाचे, असेही ठरले.

या गोधडीसाठी मुलींनी निवडलेला नमुना फार जुना आणि प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत त्याला 'आजीची फुलबाग' अशा अर्थाचे नाव आहे. कापडाचा एक षट्कोनी तुकडा मध्ये ठेवावयाचा आणि त्याच्या सहा बाजूंना तेवढेच सहा षट्कोन जोडावयाचे, की सात तुकड्यांचे एक फूल होते. अशी अनेक फुले एकमेकांना जोडली, म्हणजे बाग तयार होते.

येथे षट्कोनच का घेतात, हे समजून घेण्याजोगे आहे. वर्तुळे एकमेकांजवळ ठेवली, तर त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. समभुज षट्कोनाचे सारे कोन सारखे असले, म्हणजे त्याचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो. असे तीन षट्कोन एका बिंदूपाशी आणले, तर तिन्ही कोन मिळून ३६० अंश भरतात आणि मध्ये तिळभरही जागा उरत नाही. मधमाशीच्या पोळ्यातील घरे याच आकाराची असतात. शिवणाऱ्याला याचा आणखी एक लाभ होतो. षट्कोन अगदी लहान केला तरी चालतो. मोठे कापड मिळत नसले आणि बोटभर चिंध्याच हाती येत असल्या, तर हा नमुना मोठा सोयीचा पडतो.

असे फूल हाताने शिवण्याची रूढ रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम कागदाचे सारख्या मापाचे षट्कोन कापून घेतात. कापडाचा तुकडा त्याहून थोडा मोठा कापतात, कागदावर ठेवतात आणि वाढलेल्या कडा मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी पक्क्या करतात. मग दोन षट्कोन एकमेकांवर पालथे ठेवून त्यांच्या एका कडेवर अगदी बारीक टाके घालीत जातात. टाका जितका लहान, तितका जोड बळकट आणि उलगडल्यावर तितकाच अदृश्य. सर्व बाजू जोडून झाल्या, म्हणजे कच्चे टाके उसवून कागद काढून घेतात. हे काम घाईचे नव्हे. एका टाक्यात चूक झाली, तर कोपरा जुळत नाही. कोपरा जुळला नाही, तर फूल वाकडे होते. आणि एक फूल वाकडे झाले, की शेजारचे फूलही सरळ बसत नाही.

मुलींनी चिंध्या गोळा करण्यास आरंभ केला. फाटलेल्या झग्याचा न विटलेला भाग, शिवणाच्या आतली दुमडलेली पट्टी, पिठाच्या पोत्याचे कापड, जे मिळेल ते उपयोगी पडले. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे बाराही महिने उकाडा असतो. घामाने आणि पुनःपुन्हा धुण्याने कपडे लवकर जीर्ण होतात. नवा कपडा मिळण्याची आशा नव्हती. अशा ठिकाणी एक चिंधी देणे म्हणजे काय, हे भरल्या कपाटापुढे उभे राहून कळावयाचे नाही. उद्या आपल्याच झग्याला ठिगळ लावण्यासाठी तीच चिंधी लागणार असते.

कापडापेक्षाही दोरा मिळणे कठीण होते. दोरा संपला, की जुन्या कपड्याची शिवण हलक्या हाताने उसवावी लागे. ओढला तर तो तुटे. म्हणून एकेक टाका सोडवून तो काढून घ्यावा लागे. अशा दोऱ्याला आधीच वळणे पडलेली असतात आणि तो कुठे ना कुठे झिजलेला असतो. म्हणून सुईत ओवताना तो आखूडच घ्यावा लागतो आणि पुनःपुन्हा गाठ मारावी लागते. सुईलाही फार जपावे लागे. ती हरवली किंवा मोडली, तर दुसरी कोठून आणणार? एकीचे शिवून झाले, की तीच सुई दुसरीच्या हाती जाई.

हे सारे पहारेकऱ्यांच्या आणि खुद्द बाईंच्याही नकळत चालले होते. ज्या मुलींना पुढील वर्षी आपण कोठे असू, हे ठाऊक नव्हते, त्यांना आता एक काम मिळाले होते. उद्या उठून करावयाचे असे काहीतरी होते. सर्वांनी मिळून सांभाळावयाचे एक गोड गुपित होते. पहाऱ्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःचे असे काहीच उरत नाही. त्याच्या उठण्याची, जेवणाची, निजण्याची वेळ दुसरा ठरवितो. परंतु कोणत्या चिंधीशेजारी कोणती चिंधी ठेवावयाची, निळ्याजवळ पिवळी शोभेल की पांढरी, हे त्या मुली स्वतः ठरवीत होत्या. तेवढ्यापुरत्या त्या स्वतंत्र होत्या.

फुलाच्या मधल्या षट्कोनावर मुलींनी आपापली नावे दोऱ्याने भरली. कोणाचे अक्षर वळणदार, तर कोणाचे ओबडधोबड. शिवणाच्या स्पर्धेत त्या गोधडीला कदाचित पहिले पारितोषिक मिळाले नसते. पण एलिझाबेथ एनिस यांच्या हाती ती आली, तेव्हा त्यांना तीत टाक्यांची बारीकी पाहावयाची नव्हती. प्रत्येक मुलीने आपल्या अंगावरच्या कपड्यातून काढून दिलेला तुकडा आणि त्यावर तिचे नाव, एवढे त्यांना पुरे होते. ती गोधडी त्यांनी पुढे कित्येक वर्षे जपून ठेवली.

त्याच तुरुंगात मोठ्या स्त्रियांनीही आणखी तीन गोधड्या शिवल्या. एथेल मल्व्हनी या मूळच्या कॅनडातील बाई कैदेतील स्त्रियांच्या वतीने रेडक्रॉसचे काम पाहत होत्या. स्त्रियांचे मन कशात तरी गुंतवावे, असे त्यांना वाटे. शिवाय, आपण जिवंत आहोत, हे युद्धकैदी असलेल्या पतीला, भावाला किंवा मुलाला कळवावे, ही प्रत्येकीची तळमळ होती. पण पत्र पाठविण्याची सोय नव्हती. एथेलबाईंनी यावर एक उपाय काढला. इच्छा असेल त्या प्रत्येक स्त्रीला त्यांनी पांढऱ्या कापडाचा एक चौरस तुकडा दिला. तिने त्यावर आपल्या मनातील काहीतरी भरावे आणि आपले नाव घालावे, एवढीच अट होती. हे चौरस जोडून केलेल्या गोधड्या इस्पितळातील जखमी सैनिकांसाठी पाठवावयाच्या होत्या. जखमी सैनिकांना पांघरूण देण्यात गैर ते काय? पण त्या पांघरुणावर नावे होती, आणि प्रत्येक नाव म्हणजे 'मी जिवंत आहे' असे सांगणारे एक छोटेसे पत्रच होते.

प्रत्येक गोधडीत ६६ चौरस होते. तीन गोधड्यांचे मिळून १९८ चौरस झाले. कोणी आपल्या देशाचे फूल भरले, कोणी दूर राहिलेले घर काढले, कोणी तुरुंगाची कोठडी जशीच्या तशी उतरविली. एकीने तुरुंगाचे चित्र काढून त्याला सुट्टीत राहावयाच्या बंगल्याचे नाव दिले. दुःखातही थट्टा करण्याचे बळ तिच्यात होते. एका स्त्रीला कैदेतच मूल झाले होते. तिने आपल्या चौरसावर सशाचे पिल्लू भरले आणि त्याला निळी फीत बांधली. त्या लोकांत मुलगा झाला, तर निळा रंग वापरण्याची चाल आहे. भिंतीपलीकडच्या वडिलांना आपल्याला मुलगा झाल्याचे कळावे, म्हणून त्या आईने शोधून काढलेली ही युक्ती होती.

या तीन गोधड्यांपैकी एक ब्रिटिश जखमींसाठी होती आणि दुसरी ऑस्ट्रेलियन जखमींसाठी. तिसरी कोणासाठी असावी? ती होती जपानी जखमींसाठी. ज्या सैन्याने त्यांना कैदेत टाकले होते, त्याच सैन्यातील घायाळ शिपायांसाठी या स्त्रियांनी सुई हाती धरली. या तिसऱ्या गोधडीमुळे उरलेल्या दोन गोधड्या पाठविण्यास परवानगी मिळणे सोपे झाले, असे मानले जाते. आणि त्यात व्यवहाराचे शहाणपण होते, हे खरेच. परंतु त्या गोधडीच्या पाठीमागेही जखमींच्या वेदनांविषयी सहानुभूतीचे शब्द लिहिलेले आहेत. तिच्यातील ६६ चौरसांवरही तितक्याच कष्टाने फुले भरलेली आहेत. तुरुंगातील दोरा जपून वापरणाऱ्या हातांनी ते टाके घातले आहेत, हे विसरून चालणार नाही.

मे १९४४ मध्ये सर्व नागरी कैद्यांना चांगीच्या तुरुंगातून सिंगापुरातीलच सिम रोड येथील छावणीत हलविण्यात आले. तेथेही उपासमार आणि रोगराई यांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि पुढील महिन्यात सिंगापूर पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात आले. साडेतीन वर्षांची कैद संपली. आठव्या वर्षी आत गेलेली मुलगी बाहेर आली, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची झाली होती. तिच्या बालपणाचा एवढा मोठा भाग भिंतींच्या आत गेला होता.

वीरबालांनी शिवलेली गोधडी आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये ठेवलेली आहे. मोठ्या स्त्रियांच्या तीन गोधड्यांपैकी एक ब्रिटिश रेडक्रॉस संस्थेने सांभाळली आहे आणि ऑस्ट्रेलियन व जपानी जखमींसाठी केलेल्या दोन ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरा येथील युद्धस्मारकात आहेत. त्या संग्रहालयांत तोफा आहेत, तलवारी आहेत, सेनापतींची पदकेही आहेत. त्यांच्याच सोबतीने पिठाच्या पोत्यांचे आणि फाटक्या झग्यांचे हे तुकडेही जपले जातात. युद्ध कसे लढले गेले, हे तोफा सांगतात. ते सोसले कसे गेले, हे या गोधड्या सांगतात.

भेटीची किंमत तिच्या बाजारभावावर ठरत नाही. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे, त्याने थोडे दिले, तर तेही चांगलेच. परंतु ज्याच्याजवळ थोडेच आहे, त्याने त्यातलेच काढून दिले, तर त्या भेटीबरोबर देणारा स्वतःच येतो. चांगीच्या मुलींनी दिलेली चिंधी त्यांच्या गरजेतून काढलेली होती. दोरा उसवून घेतलेला होता. त्यात घातलेला वेळ मात्र कोणाकडून मागून आणलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता.

महाराष्ट्रातील एखाद्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत अजूनही जुनी गोधडी घडी घालून ठेवलेली असेल. तिचे काठ झिजले असतील, एखादे ठिगळ निसटले असेल. ती उलगडून आजीपुढे पसरली, तर आजी चष्मा पुसून एका तुकड्यावर बोट ठेवील. आधी तो तुकडा कोणाचा, ते आठवेल. मग तो देणारीचे नाव आठवेल. आणि नावापाठोपाठ तिची गोष्ट येईल. चांगीच्या मुलींनी आपली नावे दोऱ्याने लिहून ठेवली. आजीच्या गोधडीवरील नावे कोणी लिहिलेली नाहीत. ती आजीला विचारून घ्यावयाची आहेत, आणि विचारावयाचे ते वेळेवर.

स्वाध्याय

१. जुन्या काळी गोधडी कशी शिवीत, त्याचे आपल्या शब्दांत वर्णन करा.
२. 'मैत्रीची गोधडी' कोणाला व कोणत्या प्रसंगी देत असत?
३. गोधडीसाठी षट्कोनी तुकडे सोयीचे का पडतात? आकृती काढून दाखवा.
४. कारणे द्या: (अ) मुलींना दोरा आखूडच ओवावा लागे. (आ) एका आईने सशाच्या पिल्लाला निळी फीत बांधली.
५. स्त्रियांनी तिसरी गोधडी जपानी जखमींसाठी शिवली. त्यांनी असे का केले असावे, याविषयी तुम्हाला काय वाटते ते दहा ओळींत लिहा.
६. 'तेवढ्यापुरत्या त्या स्वतंत्र होत्या,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
७. घरातील जुन्या गोधडीतील कोणतेही एक ठिगळ निवडा. ते कोणाच्या कपड्याचे आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याची हकिकत लिहून काढा.